पाण्यात सोडलेली तार

फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं माझं दुकान नारायणगावात होतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली चार-पाच वर्षं. जुन्नर-आंबेगावात तेव्हा एसी बोटांवर मोजण्याएवढे. काही डॉक्टर, एक-दोन बँका आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनी धरणांच्या काठाला बांधलेली फार्महाऊसं. बाकी माझी सगळी कामं फ्रिजची, तीही लग्नात आलेल्या. त्यामुळं एसीचं काम आलं की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं व्हायचं. हातातला फ्रिज उघडा टाकून मी मोटरसायकलला किक मारायचो. माझा हात चांगला होता, हे मी आजही म्हणतो. तोंड मात्र वाईट होतं. दुसऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय मला घास गोड लागत नसे.

ओझरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याला लागून, पुण्यातल्या एका निवृत्त साहेबांनी दोन एकर जागा घेतली होती. एका उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी मुंबईकडून ट्रकवर घालून शिडाची होडी आणली. आमच्याकडं फुगवट्यात मासे धरणाऱ्यांच्या होड्या असतात, पण शीड लावलेली होडी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. बेल्ह्याच्या बाजारात बैल बघावा तशी माणसं तिच्याभोवती फिरली. कुणी खालून हात फिरवला, कुणी ठोकून बघितलं. एका म्हाताऱ्यानं तर, ही दिवसाला किती खाते, असं विचारलं.

होडी वीस-एक फूट लांब, पांढऱ्या फायबरची. पुढच्या भागात एक बुटकी खोली. तिच्यात दोन माणसं आडवी होऊ शकत, उभं मात्र कुणालाच राहता येत नसे. चैत्रात ती खोली इतकी तापायची की आत पापड भाजून निघाले असते. साहेबांना दुपारची झोप त्या खोलीत, पाण्यावर डुलत घ्यायची होती. पन्नास पावलांवर त्यांचं घर होतं, घरात एसी होता, तो मीच बसवला होता. पण हौसेला मोल नसतं. त्यांनी मला बोलावून विचारलं, होडीत एसी बसेल का? बसणार नाही असं म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं.

त्या जागेवर राखणीला एक नवरा-बायको राहत होते. मी त्यांना मामा-मामी म्हणायचो. मामा पन्नाशीचे, सडपातळ, गळ्यात तुळशीची माळ. गावच्या भजनी मंडळात ते मृदंग वाजवायचे. पोहण्यात असे पटाईत की फुगवट्यात कुणी बुडालं तर पोलीस पाटील आधी त्यांना निरोप धाडायचा. किती तरी प्रेतं त्यांनी तळातून वर आणली होती. असा माणूस विजेला मात्र भ्यायचा. साधा बल्ब बदलायचा तरी ते आधी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जाऊन मेन स्विच खाली ओढायचे, मग स्टुलावर चढायचे. मामी गेली, त्याला आता दोन वर्षं झाली. ती असती तर हे मी लिहिलं नसतं.

एसी बसवायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी होडीच्या कडेची भिंत कापून तिथं तो बसवला. चाळीस-पंचेचाळीस किलोचं धूड एका अंगाला गेलं आणि होडी त्या बाजूला कलली. साहेब काठावरून ओरडले. दुसऱ्या दिवशी मी ते भोक फायबरनं बुजवलं आणि एसी मागच्या दारात, बरोबर मधोमध, प्लायवूडच्या चौकटीत बसवला. त्यानं निम्मं दार अडलं. साहेबांना आत जायला रांगावं लागायचं, पण त्याची त्यांना काही तक्रार नव्हती. होडी काठावरच्या दगडी घाटाला दोरानं बांधली, मोटारीच्या खोलीतून तिच्यापर्यंत केबल ओढली. केबल असल्यामुळं शीड कधी उभारायचंच नाही असं ठरलं. शिडाची होडी दावणीला बांधलेल्या म्हशीसारखी काठाला उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी विजेनं दावा साधला. वीज एका तारेनं येते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. त्या परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. त्या बाजूच्या खांबांवरची न्यूट्रल चोरांनी कापून नेली होती आणि पुन्हा कुणी ओढली नव्हती. पण त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. आमच्याकडं वस्त्यावस्त्यांवर एकच उपाय चालायचा. ओलसर जमिनीत लोखंडी पहार ठोकायची, तिला तार बांधायची आणि बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं. वीज जमिनीतून परत जाते, दिवा लागतो, टीव्ही लागतो. पहारेजवळ कोंबडी मेली तर पहार चार हात लांब ठोकायची. हे बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे तेच करत होते, वायरमन आणि मीसुद्धा.

पण एसी म्हणजे बल्ब नव्हे; घरातल्या एसीला बागेतली भिजट पहार होती, ती दुसरा एसी ओढेना. काठाची जमीन मुरमाड, उन्हानं खडखडीत. पहार ठोकून चालू केला तर कॉम्प्रेसर नुसता घुमायचा आणि बंद पडायचा. बादल्या ओतून पाहिल्या, मीठ घालून पाहिलं. दुपार झाली. साहेबांचे पुण्याचे चार पाहुणे घाटावर खुर्च्या टाकून बसले होते आणि माझ्याकडं बघत होते. मला घाम फुटला. आणि मग मला समोरचं पाणी दिसलं. एवढं धरण भरून ओल पुढ्यात असताना मी मुरमाला बादल्यांनी पाणी पाजत होतो.

बोअरचा उरलेला सहा फुटी लोखंडी पाइप पडला होता. त्याला तार आवळली, कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि तळाच्या गाळात तो रोवला. वरचं टोक पाण्याबाहेर वीतभर राहिलं. मीटर लावला तर व्होल्टेज झकास. बटण दाबलं, कॉम्प्रेसर सुरू झाला आणि पाच मिनिटांत दारातून गार हवा आली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला फार अभिमान वाटला. ते काम आठवलं की मला आजही आधी तो अभिमानच आठवतो, बाकीचं नंतर. याची मला लाज वाटते.

मामा पाण्याकडं बघत उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, पाण्यात करंट सोडला, मग माणूस उतरला तर? मी म्हणालो, एवढ्या पाण्यात करंट कुठल्या कुठं पसरतो, पाइपाजवळ जाऊ नका म्हणजे झालं. थोड्या वेळानं मी त्यांना तारेचा पीळ पक्का करायला सांगितला. ते पक्कड घेऊन आधी मोटारीच्या खोलीकडं चालू लागले. मेन बंद करायला निघाले, हे माझ्या लक्षात आलं आणि माझं तोंड सुटलं.

"मामा, सुईत दोरा ओवतानाबी मेन बंद करता का? ऱ्हाऊ द्या. मामीला पाठवा, ती जोडील."

पाहुणे हसले. साहेब हसले. मामी चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तीही तोंडाला पदर लावून हसली. मामा ओशाळून हसले आणि मागं फिरले. तार मी चालू लाइनवरच पिळली, कोरड्या फळीवर उभा राहून, सगळ्यांना दिसेल अशी. चालू लाइनवर काम करणारा तो मिस्त्री, बाकीचे भित्रे, असं आमच्या धंद्यातले आम्ही सगळेच मानत होतो.

महिन्याभरानं मी एसीची जाळी साफ करायला गेलो, तेव्हा मामी म्हणाली की घाटावर भांडी विसळताना हाताला मुंग्या येतात. मी वाकून पाण्यात हात घातला. मुंग्या येत होत्या. मी तिला पलीकडच्या दगडावर भांडी घासायला सांगितलं. असं जमिनीतून, अर्थिंगवर चालवलं की थोडं लागायचंच, असंही वर म्हणालो. ते खोटं नव्हतं. आमच्याकडं प्रत्येक विहिरीवर, प्रत्येक नळाला थोडं थोडं लागतच होतं, आणि लोकांनी त्याची सवय करून घेतली होती.

मे महिन्यात धरणातून कालव्याला पाणी सोडलं. फुगवटा रोज चार बोटं उतरू लागला. पाणी मागं गेलं तशी मामांनी होडी दोन वेळा पुढं सरकवून बांधली. पाइप मात्र होता तिथंच राहिला. असा पाइप पाण्यात पुरा बुडालेला असला की वीज पाण्यात पसरून निघून जाते. तो उघडा पडला, नुसतं बूड ओलं राहिलं, की तिला जायला वाट अपुरी पडते आणि ती पाइपातच तटून राहते. तेव्हा त्या पाइपाला हात लावणं म्हणजे खांबावरच्या तारेला हात लावणं. हे मला ठाऊक होतं. त्या सगळ्या शिवारात कदाचित मला एकट्यालाच ठाऊक होतं.

त्या दुपारी मी जुन्नरला एका दवाखान्यात शिडीवर उभा राहून गॅस भरत होतो. खिशातला मोबाइल वाजला. साहेबांच्या घरातल्या फोनवरून मामा बोलत होते. एसी नुसता घुमतोय, गार होत नाही, साहेब आत झोपलेत, उठले तर चिडतील. मला एका क्षणात कळलं काय झालं असेल ते. मी म्हणालो, "मामा, पाणी उतरलंय. पाइप उपटा आन् आत खोल पाण्यात रोवा. लगीच होईल गार."

ते म्हणाले, "मंग..." आणि थांबले.

माझा एक हात गॅसच्या नळीवर होता. डॉक्टर खाली उभे राहून घड्याळ बघत होते. मी म्हणालो, करा लवकर, मला काम आहे, आणि फोन बंद केला. मेन बंद करा, एवढे तीन शब्द मी बोललो नाही. विसरलो का? किती वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण मामा "मंग" म्हणून थांबले तेव्हा ते काय विचारणार आहेत हे मला कळलं होतं, आणि मला हसू आलं होतं. हे खरं आहे.

अर्ध्या तासानं साहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. ते म्हणाले, मामा पाण्यात पडलाय, तुम्ही आधी या. पाइप गाळातून निघाला तसा एसी बंद पडला होता, उकडून साहेबांना जाग आली होती, ते रांगत बाहेर आले तेव्हा मामा गुडघाभर पाण्यात पालथे तरंगत होते.

जुन्नर ते ओझर मी कसा गेलो ते आठवत नाही. पोचलो तेव्हा मासे धरणाऱ्या दोघांनी मामांना काठावर काढून ठेवलं होतं. मामी डोक्याशी बसली होती. साहेब गावातून गाडी आणायला गेले होते. आणि मी काय केलं? मामा जिवंत आहेत का, हे विचारण्याआधी मी मोटारीच्या खोलीत गेलो. मेन खाली ओढला, फ्यूज काढून खिशात घातला. मग पाण्यात उतरून पाइप ओढून काढला आणि शेडमधल्या जुन्या पाइपांत नेऊन टाकला. तार गुंडाळून मोटरसायकलच्या डिकीत कोंबली. हे सगळं सावकाश, हात न थरथरता केलं. माझा हात चांगला होता, हे वर म्हणालोच आहे. मग मी मामांच्या जवळ गेलो. तळहातावर भाजल्याची खूण होती का, ते मी पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं.

दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी नुसती मान हलवली. पंचनाम्यात पाय घसरून बुडून मृत्यू असं आलं. साहेबांना मी सांगितलं की तारेचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांना ते हवंच होतं, त्यांनी लगेच मानलं.

पण गावाला ते मानवेना. गुडघाभर पाण्यात, तेही हा माणूस बुडाला? जो दुसऱ्यांची प्रेतं वर काढायचा तो? मग दोन दिवसांत उत्तर सापडलं. साहेबांकडं पार्ट्या व्हायच्या, बाटल्या होडीवर पोचवायला मामाच जायचे, तेव्हा लागली असेल सवय. तिसऱ्या दिवशी ते 'असेल' गळून पडलं. पिऊन बुडाला, असंच सगळे म्हणू लागले. माळ घालून पीत होता, असंही कुणीतरी त्याला जोडलं. ज्यांच्या दोन पिढ्यांनी त्यांच्या मृदंगावर अभंग म्हटले, तेच हे बोलत होते.

दशक्रियेला नदीकाठी सगळं गाव जमलं. आमच्याकडं दहाव्याला प्रवचन असतं आणि मग जो तो उठून मयताबद्दल दोन शब्द बोलतो. महाराजांनी त्या दिवशी व्यसनाचा विषय घेतला. नाव घेतलं नाही, पण माळेचं पावित्र्य काय असतं ते चांगलं तासभर सांगितलं. बायकांमध्ये मामी खाली मान घालून बसली होती. शेजारी तिची चौदा वर्षांची मुलगी होती. शाळेसाठी ती मावशीकडं राहायची, बाप गेल्यावर आली होती. ती महाराजांकडं एकटक बघत होती. साहेब आले नव्हते. त्यांच्या वतीनं बोलायला त्यांनी मला पाठवलं होतं.

माझं नाव पुकारलं. मी उठलो, माइक हातात घेतला. चारशे माणसं समोर होती. मामा दारूला शिवत नव्हते, एवढं वाक्य बोलायला काय जात होतं? पण पुढचा प्रश्न आला असता, मग बुडाले कसे? मी म्हणालो, मामा कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. आणि खाली बसलो. शेजारचा माणूस म्हणाला, चांगलं बोललात.

साहेबांनी त्या पावसाळ्यात होडी विकली, पुढच्या वर्षी जागाही विकली. मामी मुलीला घेऊन गावातल्या घरी परतली आणि टोमॅटोच्या तोडणीला जाऊ लागली. मी तिला नारायणगावच्या बाजारात लांबून पाहायचो आणि गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचो. भजनी मंडळानं मामांचा मृदंग त्यांच्या घरी परत पाठवून दिला, हे मला नंतर कळलं. माझा धंदा वाढला. एसी घरोघर येऊ लागले. मी दोन माणसं कामाला ठेवली. मेन बंद केल्याशिवाय कुणी स्क्रूला हात लावला तर मी त्याला शिव्या घालायचो. ते माझ्या पाठीमागं मला हसायचे.

सहा वर्षं गेली. एकदा आंबेगावच्या बाजूला घोडेगावजवळ एका घरी फ्रिज दुरुस्त करत होतो. घरातले लोक मुलासाठी स्थळं बघत होते, आणि मी तिथंच खाली बसलेलो असल्यामुळं माझ्यासमोर बोलणं चाललं होतं. एक मुलगी सगळ्यांना पसंत होती. नर्सिंग शिकत होती, दिसायला नीट होती. पण मुलाचे चुलते म्हणाले, नको, चौकशी केली, बाप माळकरी असून पिऊन बुडालेला, असलं रक्त घरात कशाला आणायचं? त्यांनी गावाचं नाव घेतलं.

मी फ्रिजच्या मागून म्हणालो, ते पीत नव्हते.

चुलत्यांनी विचारलं, "तुमाला काय म्हाईत?"

मी पुन्हा फ्रिजमध्ये डोकं घातलं. काम संपवलं, पैसे न घेता निघालो, आणि मंचरच्या रस्त्याला गाडी बाजूला घेऊन रडलो. मला मामांसाठी रडू आलं असेल असं मला वाटत नाही. मी स्वतःलाच घाबरलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामीच्या घरी गेलो.

ती तोडणीला निघाली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. मला बघून तिनं ते सोडलं आणि आत घोंगडी टाकली. मी सगळं सांगितलं. पाइप का उघडा पडला, त्यानं काय होतं, मी फोनवर काय बोललो, काय बोललो नाही, आणि नंतर तार कशी गुंडाळली. ती ऐकत राहिली. माझं संपलं तेव्हा तिनं मला पाणी दिलं.

"मला त्याच दिशी म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "तुमी वायर गुंडाळत व्हता तवा मी बघत व्हते."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाही?

तिनं हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "त्यांनी फोन ठिवला आन् मला इचारलं, मेन बंद करू का? साहेब निजल्यात. मी म्हणलं, नगा करू. परत हसत्याल सगळी तुमाला."

मला तिच्याकडं बघवेना. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, चप्पल मारली असती, तर मी ते घ्यायच्या तयारीनं आलो होतो. हे घ्यायची माझी तयारी नव्हती. सहा वर्षं गाव तिच्या नवऱ्याला दारुडा म्हणत होतं आणि ती ते स्वतःची शिक्षा म्हणून सोसत होती. ज्या हसण्याला ती घाबरली, ते मी सुरू केलेलं होतं.

मी म्हणालो, मी देवळात येऊन सगळ्यांसमोर सांगतो. ती म्हणाली, "सांगा. पोरीचं जमतंय का बघा. पर माझं नगा सांगू."

पुढच्या एकादशीला भजन संपल्यावर मी देवळात उभा राहिलो आणि माझं माझं सगळं सांगितलं. पोलीस केस होईल, धंदा बुडेल, लोक मारतील, असं वाटून मी घरी बायकोला सांगून निघालो होतो. झालं ते वेगळंच. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मग एक जण म्हणाला, आमाला वाटलंच व्हतं. दुसरा म्हणाला, मामा तसा माणूस नव्हताच. ज्यांनी मृदंग परत पाठवला होता त्यांनीच दुसऱ्या दिवशी तो मागायला माणूस धाडला. पोलिसांत कुणी गेलं नाही, झालं ते झालं म्हणाले. आणि मला? मला ते मनाचा मोठा माणूस म्हणाले. चूक कबूल करायला काळीज लागतं म्हणाले. त्या गावातून मला पुढं फ्रिजची चार कामं जास्तच आली. ते कौतुक माझ्या हक्काचं नव्हतं. तरी मी ते ऐकून घ्यायचो, थांबवायचो नाही.

मुलीचं लग्न वर्षभरात ठरलं, दुसऱ्या घरी, चांगल्या घरी. बापाचा विषय निघाला तेव्हा गावानंच पुढं होऊन सांगितलं की तो अपघात होता, मिस्त्रीची चूक होती. लग्नाला मला पत्रिका आली. हळदीच्या आदल्या दिवशी मी मामीला भेटायला गेलो. अंगणात मांडव घालत होते. ती आत एकटी तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, मामी, मामांचं नाव पुसलं गेलं होतं, ते परत आलं, आता तुमच्याही जिवाला जरा बरं वाटू द्या.

ती सुपातल्या तांदळाकडंच बघत म्हणाली, "तुमी मोकळं झालात, भाऊ. तुमाला सांगायला मी व्हते, गाव व्हतं. मी कुणाला सांगू?"

बाहेर मुलीचा हसण्याचा आवाज आला. मामीनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "लेकीला सांगू का? तिच्या बापाला मीच म्हणलं व्हतं म्हून? तुमी सांगाल तसं करते."

उद्या हळद होती. मुलगी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळी हसत होती. आणि हेही खरं, की ती मुलगी आईकडून ऐकायला लागली असती तर, परत का हसतील, कोण हसलं होतं, हे तिनं विचारलंच असतं. मामांना मी हसलो होतो, तेवढं मी देवळात सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, नको. मामीनं माझं ऐकलं, मरेपर्यंत.